मधलं काही येत नाही

"साखर टाकू का?" असं मी जवळजवळ बोंबललोच, आणि आई कपावरचा हात न काढता म्हणाली, "ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावं तशी, "हळू बोललात तर काही येत नाही आणि ओरडलात की चिरफाळलेलं येतं. मधलं काही येत नाही बघ." मी हसलो. आई काही बोलली की हसायचं, अशी हल्ली घरात पद्धतच पडली होती. कमी ऐकू येणारी सगळीच माणसं असं म्हणतात, ओरडू नका आणि मोठ्याने बोला, त्यात नवीन ते काय? पण ते शेवटचं वाक्य काही जाईना. साखर टाकली, ढवळली, चमचा बशीत ठेवला, तरी ते दातात अडकलेल्या तिळासारखं जिभेला लागत राहिलं. मधलं काही येत नाही. हे मी कुठे तरी पाहिलंय, असं मला वाटलं. ऐकलंय असं नव्हे, पाहिलंय. आता वाक्य कधी कुणी पाहतं का? पण वाटलं खरं तसं, आणि त्या वाटण्याला शेंडा ना बुडखा म्हणून मी चिडलो. एक तर शनिवार, अर्ध्या दिवसाचं काम, त्यात संध्याकाळी ताई यायची होती आणि तिला आज हो की नाही ते सांगायचं होतं.

हो म्हणायचं होतं एका खोलीला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे. नर्स आहेत, बाग आहे, बागेत बाक आहेत. तिथली एक खोली रिकामी झाली होती आणि ते लोक आमच्यासाठी फार थांबायला तयार नव्हते. ताई वाईट नाही. माझी बहीण म्हणून सांगत नाही, खरंच वाईट नाही ती. थंडीत एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास पसरला, आणि आई शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेली. सर्दीने नाक चोंदलेलं, आणि दूध फसफसलेलं कानावर आलं नाही. तेव्हा ताईच नेमकी दारात आली आणि जी घाबरली ती घाबरलीच. मग डॉक्टर झाले. डॉक्टर इतका मृदू माणूस की त्याच्याशी बोलताना आपणच पुढे झुकतो. त्याने विचारलं, "आजी, आज वार कोणता?" आई खिडकीकडे बघत राहिली. त्याने आणखी मायेने, म्हणजे आणखी हळू, विचारलं, "जेवायला काय केलं होतं?" आई म्हणाली, "तुमच्याकडचा पंखा छान आहे." डॉक्टरने मान हलवली आणि ताईने माझ्याकडे पाहिलं. त्याआधी मी आईचं ऐकायचं यंत्र दुकानात नेऊन तपासून घेतलं होतं. दुकानदाराने आपले सेल घातले, स्वतःच्या कानाला लावलं आणि म्हणाला, "ठणठणीत आहे." यंत्र ठणठणीत म्हटल्यावर बिघाड कुठे आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या," ताई म्हणाली होती, जेवणाच्या टेबलावर, आईच्या समोर, नेहमीच्या आवाजात. आईने तिच्यापुढे भाजीचं भांडं सरकवलं.

मी स्विच तपासतो. असं सांगितलं की लोकांना भिंतीवरचं बटण आठवतं, आणि मी तो गैरसमज आता दुरुस्त करत नाही, कंटाळा येतो. आमच्या स्विचमध्ये हलणारं काही नसतं, खट् असा आवाज होत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा तो, खिशात आणि गळ्यात बाळगायच्या यंत्रांमध्ये बसतो आणि दोन सेलच्या जिवावर एवढंच ठरवतो की आवाज माइककडून घ्यायचा की फोनकडून, या वाटेने सोडायचा की त्या. आईसाठी ते ऐकायचं यंत्र, म्हणजे गळ्यात अडकवायची डबी, आणली तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "यातला एक दाणा आमच्याकडचा आहे बरं का." आईने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे तूसुद्धा शेवटी एक्स्चेंजमध्येच चिकटलास."

आईची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शाळा अचानक सुटली की मला कुठे ठेवायचं हा प्रश्न असे, मग मी तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून राही. लांबच लांब लाकडी फळा, त्यावर भोकंच भोकं, समोर ओळीने बसलेल्या बायका, सगळ्यांच्या कानावर ते लोखंडी पट्टीचं ओझं, आणि सगळ्या एकाच आवाजात बोलत असत. तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. मोठा नाही, बारीक नाही. "लाइनवर ओरडायचं नाही आणि पुटपुटायचंही नाही," आई सांगे, "मधल्या आवाजात बोलायचं, म्हणजे पलीकडच्याला आपण शेजारी बसल्यासारखे वाटतो." घरी आम्हाला ती रागवायची तेसुद्धा त्याच आवाजात, त्यामुळे तिचा राग आम्हाला थोडा उशिरा कळे आणि फार दिवस पुरे. एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसली की ती लगेच एक छोटी दांडी मागे ओढी. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "जोडून दिलं की आपण बाहेर व्हायचं. नंतर कान लाइनवर ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं." शेजारची बाई कान ठेवत असे आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं ते रंगवून सांगत असे. सगळ्या ऐकत. आई डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसे. तेव्हा मला तिचा रागच यायचा, कारण गोष्टी फार चांगल्या असत.

चाचणीच्या खोलीत पोचलो तर आमचा शंकासूर आधीच येऊन बसला होता. त्याला सगळे तोंडावरच शंकासूर म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. सूर्य उगवला असं सांगितलं तरी तो कोणत्या बाजूला म्हणून विचारील. नव्या खेपेतले स्विच यंत्राला लावून तो सेलचा जोर हळूहळू कमी करत होता आणि पडद्यावर स्विचचा अडथळा किती वाढतो त्याची रेघ उमटत होती. "आली बघ टेकडी," तो म्हणाला. ही टेकडी आम्ही रोज बघतो. एका स्विचच्या आत खरं तर शेजारी शेजारी दोन दारं असतात. एक दार आवाजाच्या लाटेचा खालचा भाग जाऊ देतं, दुसरं वरचा. सेल ताजे असले की दोघांची हद्द मधे एकमेकांवर चढते आणि सगळं सुरळीत जातं. दोन पाळ्यांच्या पहारेकऱ्यांचं असतं तसंच आहे हे. एक जायच्या आधी दुसरा आलेला असतो. सेल उतरले की पहिला लवकर निघतो, दुसरा उशिरा येतो आणि मधल्या वेळात गेटला कुलूप. रेघ दोन्ही कडांना सपाट असते आणि मधेच वर चढते, तीच आमची टेकडी. सेल आणखी उतरले की टेकडीची भिंत होते. आणि आवाज बसलेला असतो नेमका मधोमध. हळू बोललेलं त्या मधल्या जागेतच थरथरत राहतं, त्याला लांब जाता येत नाही. ओरडलेलं मात्र दोन्ही कडांवर जाऊन आदळतं आणि त्याचे शेंडे तेवढे कापून पलीकडे पडतात. मी पडद्याकडे बघत उभा राहिलो. मधलं काही येत नाही. म्हणजे मी पाहिलं होतं ते हे होतं. रोज पाहत होतो, वर नाव ठेवून हसत होतो.

पण आईच्या यंत्रात सेल असे उतरतील कसे? तिला मी कधी सेलला कमी पडू दिलं नव्हतं. तेवढ्यात शंकासुराने चाचणीच्या यंत्रातले सेल काढले, नवे घातले आणि काढलेले पत्र्याच्या डब्यात टाकले. ते डब्यात पडल्याचा आवाज झाला आणि मी त्या डब्याकडे वळलो. चाचणीला ताजेच सेल लागतात, जरा उतरले की आमच्या कामाचे नाहीत. टाकून द्यावेत इतके मेलेलेही नसतात. म्हणून ते बिस्किटांच्या डब्यात जातात आणि ज्याला हवे तो घरी नेतो, ही आमच्या विभागाची जुनी रीत आहे. माझ्या घरातली घड्याळं, रिमोट, टॉर्च सगळं त्याच डब्यावर चालतं. चमच्यांच्या खणात मागच्या बाजूला मी ते भरून ठेवतो. आणि आई यंत्राचे सेल बदलायचे झाले की तो खण उघडते, दोन सेल टॉर्चमध्ये घालून बघते, टॉर्च लागला की ते गळ्यातल्या डबीत घालते. डबीवरचा लाल दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे सेल चांगला, असं कुणीही समजेल. तसं समजू नये म्हणून मला पगार मिळतो, तिला नाही. ऐकू येईना असं झालं की ती सेल बदलायची, उतरलेले काढून उतरलेलेच घालायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, सेल बदलूनही तेच.

"आईचं डोकं ठिकाणावर आहे," मी शंकासुराला म्हणालो. "नाही असं कोण म्हणालं?" त्याने विचारलं. "सगळेच." मग मी त्याला टेकडी, डबा, टॉर्च सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा टेबलावर बोट आपटत ऐकत राहिला आणि म्हणाला, "सेल उतरलेत हे पटलं. पण तेवढंच आहे हे कशावरून? दोन्ही असू शकतं. की तुला तसं हवंय म्हणून?" मला त्याची मान मुरगळावीशी वाटली. पण त्याचं चुकलं नव्हतं. मला तसं हवंच होतं. आणि वाईट म्हणजे मला खोलीही हवी होती. आठवडाभर मी त्या खोलीचा विचार करत होतो आणि त्यात सुटल्यासारखं वाटत होतं, संध्याकाळी घरी आल्यावर कुणाला ओरडून काही सांगावं लागणार नाही, याचा विचार करून बरं वाटत होतं. त्याने नवे, न फोडलेल्या पाकिटातले सेल माझ्या पुढ्यात ठेवले. "जा. तपासून बघ आणि मग मला सांग," तो म्हणाला.

घरी जाताना मी मुद्दाम बस सोडून दिली आणि चालत निघालो. आपण घरात हळू आवाजात काय काय बोललो, हे आठवू नये म्हणून मी दुकानांच्या पाट्या वाचत होतो. पण ते एकेक वर येत होतं. आईच्या डोक्यावरून, चपात्या वाढता वाढता, ताई आणि मी काय नाही बोललो? अजून किती वर्षं हे असं. तुझं लग्न हिच्यामुळेच राहिलं. आपल्याला काही होईल तिच्याआधी. अशा गोष्टी माणूस दार लावून बोलतो, आणि आम्हाला दार लावायची गरज उरली नव्हती. मधला आवाज लावला की झालं. जो आवाज तिने आम्हाला शिकवला, तोच आम्ही तिला वगळायला वापरत होतो. रस्त्याच्या कडेला एक बाई मुलाला दटावत होती, ती मोठ्याने ओरडली तेव्हा मी दचकलो. आईला आमच्यातलं फक्त हे ऐकू येत होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माया, थट्टा, सहज केलेली चौकशी, सगळं भिंतीशी अडत होतं. पलीकडे जात होता फक्त वैताग.

आई ताट घेऊन मटार सोलत बसली होती. मी तिच्या गळ्यातली डबी काढली, सेल बदलले, डबी परत अडकवली, कानात बोंडं नीट बसवली. तिने हात थांबवले. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. "हे घरघरतंय काय रे?" "फ्रिज." "आजारी आहे का?" "नाही गं, असाच आहे तो पहिल्यापासून." एवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ओरडलो नव्हतो. मी भिंतीकडे तोंड केलं आणि शंकासुराची आठवण ठेवून, डॉक्टरपेक्षाही हळू, विचारलं, "आई, आज वार कोणता?" ती म्हणाली, "शनिवार. ताई यायची आहे ना? म्हणून तर मटार. आणि तिकडे भिंतीशी काय बोलतोस वेड्यासारखा?" मी वळलो. तिने एक शेंग सोलली, दाणे ताटात पडल्याचा आवाज झाला, तो ऐकायला तिने मुद्दाम आणखी एक सोलली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही सगळे सारखे रागावलेले का असता. काही विचारावं म्हटलं तर रागावूनच सांगता. मग मी विचारायचं सोडून दिलं." मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण आमच्या घरात असलं काही करायची सवय नाही. मी सेलचं सांगायला लागलो, टॉर्चचं, डब्याचं. ताईचं आणि खोलीचंही सांगायचं होतं, ते ओठांवर आलंच होतं, एवढ्यात आई म्हणाली, "दार वाजलं." किती तरी महिन्यांनी तिने मला दार वाजल्याचं सांगितलं.

दारातच ताईला सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण ताई दारात थांबणारी बाई नाही. घामाघूम होऊन ती सरळ आत आली, "काय गं आई, कशी आहेस?" असं खणखणीत ओरडली, आईने कानाजवळ हात नेला आणि "बरी आहे" म्हणाली. ताईने ते पुरतं ऐकलंही नाही. पर्स खुर्चीला अडकवत ती माझ्याकडे वळली आणि त्या दुसऱ्या आवाजात, आमच्या दोघांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग? ठरलं ना? मी पुन्हा जाऊन पाहून आले. सोमवारी आणा म्हणतात. कपडे थोडेच द्यायचे. तिला आत्ता काही बोलू नकोस, फिरायला नेतोय म्हणून न्यायचं. नंतर कळलं तरी तिच्या कुठे लक्षात राहणार आहे?" मी थांब म्हणायला हात वर केला होता. तो हात तसाच राहिला. मला तिला थांबवता आलं असतं, एका शब्दाचं काम होतं. आमचा स्विच एक वाट आधी सोडतो आणि मगच दुसरी धरतो, मधे अगदी निमिषभर कुणीच कुणाशी जोडलेलं नसतं. तसा मी उभा होतो. ताईच्या बाजूचा राहिलो नव्हतो आणि आईच्या बाजूला पोचलो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर आईने ऐकावं असंच मला वाटत होतं. मला सांगायला जमलं नसतं.

"खिडकी आहे का त्या खोलीला?" आईने विचारलं. मोठ्याने नाही, हळू नाही. ती मटारच्या ताटाकडे बघत होती.

ताई म्हणाली, "अं?"

"खिडकी. तू पाहून आलीस ना?"

ताईचा चेहरा बघवेना. ती खुर्चीवर बसली नाही, पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी म्हणालो, "सेल बदललेत. डोक्याला काही झालेलं नाही तिच्या. सेल उतरलेले होते गं, माझ्या डब्यातले." ताईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. "आई, तू... म्हणजे तुला..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. आईने ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. ती रागावली होती. लहानपणीसारखाच तो राग मला जरा उशिरा कळला. "हे माझ्याबद्दल चाललंय ना?" ती म्हणाली. "मग मला लाइनवर घ्या. जन्मभर मी दुसऱ्यांना जोडून दिलं आणि बाहेर झाले. ते त्यांचं बोलणं होतं. हे माझं आहे. काय विचारायचंय ते मला विचार."

ताईने डोळे पुसले, घसा साफ केला आणि सवयीने ओरडलीच, "आई, तू जाशील का ति..." आईने तळहात वर केला. "हळू." ताई थांबली. तिला तो आवाज सापडायला वेळ लागला. आईशी त्या आवाजात बोलायची तिची सवय मोडली होती. मग ती म्हणाली, "तू जाशील का तिथे?"

"नाही," आई म्हणाली. "दूध तापेल तेव्हा मी दुधापाशी उभी राहीन. तुमच्या त्या डॉक्टरकडे मला पुन्हा घेऊन चला, काय विचारायचं ते विचारू दे त्याला. आणि नवे सेल घालूनही मी वार चुकले ना, तर त्या दिवशी परत विचार. पण मला विचार. याला नाही."

ताई उठली आणि आईच्या खुर्चीशी खाली बसली. तिने आईच्या कानाशी नाही, गळ्यातल्या त्या डबीशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाली. मी चार पावलांवर उभा होतो, पण मला शब्दही ऐकू आला नाही. आईला आला. तिने ताईच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, "हो गं. कळलं मला." मग ताई आणखी काही बोलू लागली, आणि आई ऐकू लागली. मी मटारचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेलो, दार ओढून घेतलं, आणि दूध तापत ठेवून त्याच्यापाशी उभा राहिलो.